मानसशास्त्राची पदवी घेताना : हाती काय लागावं?

(छत्रपती संभाजीनगर येथे पदवीच्या विद्यार्थ्यांसमोर आणि पालकांसमोर दिलेल्या व्याख्यानाचं हे शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्य तितका तसाच ठेवला आहे. शेवटी निवडक प्रश्नोत्तरं दिली आहेत.)



संयोजकांचा फोन आला तेव्हा मी त्यांना म्हटलं, अहो, मी तत्त्वज्ञानाचा माणूस. मानसशास्त्रावर बोलायला त्या विषयाचे प्राध्यापक बोलवा. ते म्हणाले, "सर, त्यांना विद्यार्थी रोज ऐकतातच. तुम्ही शेजारच्या घरातून काय दिसतं ते सांगा." शेजारचं घर हा शब्द मला पटला. खरं तर एकाच वाड्यातल्या दोन खोल्या म्हणायला हरकत नाही. विल्हेल्म वुंट यांनी १८७९ मध्ये लाइपझिगला मानसशास्त्राची प्रयोगशाळा काढली, तेव्हा ते तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक होते. आपल्याकडे १९१६ मध्ये कोलकाता विद्यापीठात मानसशास्त्राचा पहिला स्वतंत्र विभाग सुरू झाला. त्यामागे ब्रजेंद्रनाथ सील यांची दृष्टी होती, आणि तेही तत्त्वज्ञानाचेच. आमच्या महाविद्यालयात तर या दोन विषयांना मिळून एकच कपाट होतं. वरचे दोन खण आमचे, खालचे दोन त्यांचे. त्यांच्या खणात स्टॉपवॉच असायचं, आमच्या खणात वाळवी. (हशा)

तर आजचा मुद्दा. समोर बसलेल्यांपैकी बऱ्याच जणांनी बी.ए.ला मानसशास्त्र घेतलंय. का घेतलं, असं विचारलं की साधारण तीन उत्तरं येतात. एक, विषय सोपा आहे, मार्क पडतात. दोन, मला माणसं वाचायला आवडतात. तिसरं उत्तर हळू आवाजात येतं, आणि बहुतेक वेळा वर्ग संपल्यावर येतं : "सर, मला मीच कळत नाही, म्हणून घेतला." आणि पालकांचा प्रश्न एकच असतो : "याला स्कोप काय?"

या सगळ्यांना मी आज एकच गोष्ट सांगणार आहे. ही पदवी म्हणजे परवाना नाही. ते शिक्षण आहे. परवाना समजून घेतलीत तर तीन वर्षांनी तुमची फसगत होईल, आणि कदाचित तुमच्याकडे येणाऱ्या दुसऱ्या कुणाचीही होईल. शिक्षण समजून घेतलीत तर तीन कामं हाताला येतील : नीट ऐकणं, नीट मोजणं आणि आपली हद्द ओळखणं. हद्दीपासूनच सुरू करतो, कारण घोटाळा तिथेच होतो.

पाटी लावण्याआधी

आपल्याकडे 'क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट' हा शब्द कुणीही दारावर लावावा असा नाही. १९९२ चा भारतीय पुनर्वास परिषदेचा कायदा आहे. परिषदेच्या नोंदवहीत नाव असल्याशिवाय हे काम करणं गुन्हा ठरतो. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यातही या व्यवसायाची व्याख्या दिलेली आहे. आजवरची वाट अशी होती : बी.ए., मग एम.ए., मग परिषदेने मान्यता दिलेल्या संस्थेत दोन वर्षांचं एम.फिल. आता एम.फिल. ही पदवीच मोडीत निघतेय आणि तिच्या जागी नवे अभ्यासक्रम येताहेत. म्हणून कुठल्याही संस्थेत पैसे भरण्याआधी परिषदेच्या संकेतस्थळावर त्या संस्थेचं आणि त्या अभ्यासक्रमाचं नाव आहे का, ते स्वतः पाहा. माहितीपत्रकावर छापलेल्या शब्दावर विसंबू नका.

सायकियाट्रिस्ट वेगळा, हेही पालकांसाठी सांगून ठेवतो. तो आधी एम.बी.बी.एस. डॉक्टर असतो, नंतर मनोविकारशास्त्रात पुढचं शिक्षण घेतो. औषध लिहून देण्याचा अधिकार त्याचा. मानसशास्त्राची कितीही मोठी पदवी घेतली तरी औषधाची चिठ्ठी लिहिता येत नाही.

'समुपदेशक' हा शब्द मात्र बरीच वर्षं मोकाट होता. २०२१ च्या कायद्याने आरोग्याशी निगडित इतर व्यावसायिकांच्या नोंदणीची चौकट आणली, त्यात मानसशास्त्राशी संबंधित कामंही येतात. पण व्यवहारात अजून काय दिसतं? बी.ए. झालं, आठवडाभराचा ऑनलाइन कोर्स केला, फ्रेम केलेलं प्रमाणपत्र भिंतीवर लावलं, आणि गल्लीत 'माइंड क्लिनिक'ची पाटी लागली. हेतू वाईट असतो असं मी म्हणत नाही. पण चांगल्या हेतूनेही नुकसान होतं. हे मी पुस्तकात वाचून बोलत नाहीये. ते माझ्या हातून घडलेलं आहे.

माझी एक चूक

साधारण चाळीस वर्षांपूर्वीची गोष्ट. गोदाकाठच्या एका गावातून आलेला मुलगा, वसतिगृहात राहायचा. हुशार. संध्याकाळी कॉलेज सुटल्यावर माझ्याकडे यायला लागला. म्हणायचा, "सर, वाचलेलं डोक्यात जात नाही. पहाटे तीनला जाग येते, मग झोपच येईना." मी तेव्हा पस्तिशीचा. नवीन नवीन डॉक्टरेट. मला वाटलं, या मुलाला अस्तित्वाचे प्रश्न पडलेत! मी त्याला तीन संध्याकाळी स्टोइक तत्त्वज्ञान समजावून सांगितलं. आपल्या हातात काय आहे, काय नाही, कशाचं दुःख करावं, कशाचं करू नये. माझ्या दृष्टीने ती माझी चांगली व्याख्यानं होती.

चौथ्या दिवशी तो आला नाही. मला वाटलं, समाधान झालं असेल. दिवाळीनंतर कळलं की तो गावी निघून गेला होता, जेवण सोडलं होतं, आणि शेवटी त्याच्या आईने त्याला घाटीत आणलं. डॉक्टरांनी तीव्र नैराश्य असल्याचं सांगून उपचार सुरू केले. तो बरा झाला, पण त्याचं वर्ष गेलं. पुढच्या जूनमध्ये भेटला तेव्हा मला म्हणाला, "सर, तुम्ही लई छान बोलायचात. मला फक्त काही ऐकू येत नव्हतं."

भल्या पहाटे जाग येणं, मग झोप न लागणं, खाण्यावरची वासना जाणं, वाचलेलं डोक्यात न शिरणं ही नैराश्याची पुस्तकात पहिल्या पानावर असणारी लक्षणं आहेत. आमच्या स्टाफरूममध्ये माझ्या शेजारच्याच खुर्चीत मानसशास्त्राचे सहकारी बसायचे. मी त्यांना एका शब्दाने विचारलं असतं, तर त्यांनी त्याच दिवशी मला सांगितलं असतं की याला घाटीत घेऊन जा. मी विचारलं नाही, कारण मला बोलायचं होतं.

म्हणून मी म्हणतो, बी.ए.च्या तीन वर्षांत तुम्ही एवढं जरी शिकलात की समोरच्या माणसाचं कुठलं बोलणं हे 'माझ्या आवाक्याबाहेरचं' आहे, आणि अशा वेळी त्याला कुठे न्यायचं, तरी फी वसूल झाली. घाटीचा मनोविकार विभाग कुठे आहे, ओपीडी कधी असते, हे एकदा स्वतः जाऊन पाहून या. 'टेलिमानस' ही सरकारी हेल्पलाइन १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झाली. तिचा १४४१६ हा नंबर मोबाइलमध्ये ठेवा. हद्द ओळखणं म्हणजे हात झटकणं नव्हे. माणसाला योग्य दारापर्यंत सोबत करणं, हेही कामच आहे.

ऐकणं शिकता येतं

आता कुणी म्हणेल, मग बी.ए. झालेल्या मुलाने या क्षेत्रात काहीच करू नये का? तसं मुळीच नाही. उलट, आपल्याच शेजारची दोन उदाहरणं सांगतो.

गोव्यात १९९६ पासून 'संगाथ' नावाची संस्था काम करते. त्यांनी एक साधा प्रश्न घेतला. तज्ज्ञ कमी आहेत, रुग्ण खूप आहेत, तर मानसोपचाराचं कुठलंही पूर्वशिक्षण नसलेल्या स्थानिक माणसांना तयार करून नैराश्यावर काम करता येईल का? त्यांनी लोकांना प्रशिक्षण दिलं, सराव करून घेतला, आणि नंतरही त्यांच्या कामावर नियमित देखरेख ठेवली. सहा ते आठ भेटींचा साधा आराखडा होता. नैराश्याने माणूस एकेक गोष्ट सोडत जातो, तर त्याला पुन्हा छोट्या छोट्या कामांकडे वळवायचं. प्राथमिक आरोग्य केंद्रांत हा प्रयोग झाला, आणि २०१७ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापून आला. तीन महिन्यांनी ज्यांना या भेटी मिळाल्या त्यांच्यापैकी ६४ टक्के नैराश्यातून बाहेर आले होते. ज्यांना फक्त नेहमीची सेवा मिळाली होती त्यांच्यात हे प्रमाण ३९ टक्के होतं.

दुसरं उदाहरण अमरावती जिल्ह्यातलं, 'विश्राम' प्रकल्पाचं. शेतकरी आत्महत्यांच्या पट्ट्यातली ३० गावं. गावातलेच कार्यकर्ते, त्यांच्यावर समुपदेशक, त्यांच्यावर मनोविकारतज्ज्ञ अशी साखळी. सुरुवातीला नैराश्य असलेल्या शंभरातले जेमतेम चार लोक कुठली तरी मदत घेत होते. दीड वर्षानंतर हे प्रमाण २७ टक्क्यांवर गेलं.

या दोन्ही ठिकाणी माणसं एकटी काम करत नव्हती, हे लक्षात घ्या. आराखडा होता, शिकवणारं कुणी होतं, चुकलं तर सांगणारं कुणी होतं, आणि आवाक्याबाहेरचं निघालं तर पुढे पाठवायची जागा होती. गल्लीतल्या पाटीत आणि गोव्यातल्या कार्यकर्त्यात हा फरक आहे. दोघांचंही शिक्षण कमीच. पण एक जण साखळीत आहे, दुसरा एकटा आहे. तुम्ही साखळीत जा.

आणि गरज किती आहे? २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या सुमारे १०.६ टक्के प्रौढांना त्या वेळी कुठला ना कुठला मानसिक आजार होता, आणि आजारागणिक ७० ते ९२ टक्के लोकांपर्यंत उपचार पोचतच नव्हते. मराठवाड्यात तर दुष्काळ, कर्ज, ऊसतोडीचं स्थलांतर. आपल्या सरकारने २०१५ मध्ये शेतकऱ्यांसाठी 'प्रेरणा प्रकल्प' सुरू केला, त्यात आशाताईंनी घरोघरी जाऊन प्रश्नावली भरायची होती. आता विचार करा. इंग्रजीतून भाषांतर केलेल्या प्रश्नावलीत 'तुम्हाला उदास वाटतं का?' असं विचारलं, तर आपल्याकडचा माणूस काय म्हणतो? "उदास काय न्हाई, पण डोकं भणभण करतंय." "छातीत धडधडतंय." "कशातच जीव लागंना." त्याच्या दुःखाला त्याचे स्वतःचे शब्द आहेत. ते शब्द तुम्हाला लहानपणापासून माहीत आहेत. बाहेरून आलेल्या तज्ज्ञाला ते शिकावे लागतील. ही तुमची पुंजी आहे, ती कमी समजू नका.

ऐकण्याचा सराव कसा करायचा? वर्गातल्या मित्राबरोबर करा. दहा मिनिटं तो बोलेल, तुम्ही सल्ला द्यायचा नाही, 'माझंही असंच झालं होतं' म्हणायचं नाही. शेवटी फक्त त्याचं म्हणणं तुमच्या शब्दांत त्याला सांगायचं, आणि विचारायचं, बरोबर समजलं का? पहिल्या दिवशी तुम्हाला कळेल की दहा मिनिटं किती लांब असतात. आणि जे ऐकलं ते वर्गाबाहेर जाता कामा नये. गुप्तता हा धडा परीक्षेआधी पाठ करायचा नसतो, तो पहिल्या दिवसापासून पाळायचा असतो.

मोजणं : प्रॅक्टिकलचं जर्नल कॉपी करू नका

आता जरा नावडतं बोलतो. प्रॅक्टिकल. आरशात पाहून चांदणी गिरवायची, म्युलर-लायरच्या दोन रेषा, निरर्थक अक्षरांच्या याद्या पाठ करायच्या. एक जण प्रयोगकर्ता, एक जण प्रयुक्त. आणि होतं काय? मागच्या वर्षीचं जर्नल आणायचं, आकडे थोडे इकडेतिकडे करायचे, सही घ्यायची. व्हायवाला सर विचारतात, निष्कर्ष काय? मुलगा म्हणतो, "सरावाने चुका कमी होतात." अरे, तुझ्या प्रयुक्ताच्या चुका कमी झाल्या का? ते त्याला माहीत नसतं!

मला हे पाहून फार वाईट वाटायचं. बी.ए.च्या इतर कितीतरी विषयांत मुलाला स्वतःच्या डोळ्यांनी एखादी गोष्ट तपासून पाहायची संधीच मिळत नाही. ती तुम्हाला मिळते आणि तुम्ही ती कॉपी करून घालवता. आकडे पुस्तकाप्रमाणे आले नाहीत, तर तसेच लिहा आणि का आले नसतील याचा अर्धा पान विचार करा. ते अर्धं पान तुमचं खरं शिक्षण.

मोजण्याचा आपल्या भाषेशी संबंध असलेला एक दाखला देतो. १९०५ मध्ये फ्रान्समध्ये बिने आणि सिमॉं यांनी मुलांची बुद्धिमापन चाचणी केली. ती तशीच उचलून आपल्या मुलांना दिली तर चालेल का? डॉ. व्ही. व्ही. कामत यांनी ती कन्नड आणि मराठी बोलणाऱ्या मुलांसाठी नव्याने बसवली, शेकडो मुलांवर तपासली, आणि १९४० मध्ये त्यावरचं त्यांचं पुस्तक आलं. 'बिने-कामत' हे नाव आजही या क्षेत्रात घेतलं जातं. दुसऱ्याची मोजपट्टी आपल्या माणसाला लागू पडते का, हा प्रश्न विचारून त्यांनी तो कष्टाने सोडवला.

हा प्रश्न आज जुना झालाय असं समजू नका. २०१० मध्ये जोसेफ हेन्रिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिलं की मानसशास्त्राच्या प्रमुख नियतकालिकांतले ९६ टक्के प्रयुक्त पाश्चात्त्य औद्योगिक देशांतले होते, आणि त्या देशांत जगाची जेमतेम १२ टक्के लोकसंख्या राहते. म्हणजे 'माणूस असा वागतो' असं पुस्तकात वाचाल, तेव्हा मनात विचारा, कुठला माणूस? वैजापूरचा की मिशिगनचा? पुढे २०१५ मध्ये मानसशास्त्रातले १०० प्रसिद्ध प्रयोग पुन्हा करून पाहिले गेले, तेव्हा जेमतेम ३६ टक्के प्रयोगांत पुन्हा ठोस निष्कर्ष मिळाला. यावरून विषय खोटा ठरत नाही. जे शास्त्र स्वतःला असं तपासून घेतं आणि निकाल जाहीर करतं, त्याच्यावर मी जास्त विश्वास ठेवीन. पण व्हॉट्सॲपवर येणारं 'संशोधनातून सिद्ध झालंय' हे वाक्य तुम्ही यापुढे सहज गिळू नये.

यासाठी संख्याशास्त्राला घाबरू नका. बी.ए.ची मुलं मला सांगतात, गणित नको म्हणून आर्ट्सला आलो. ठीक आहे. पण सरासरी, प्रमाण विचलन, सहसंबंध एवढं नीट कळायला दहावीचं गणित पुरतं. शंभर लोकांची माहिती एक्सेलमध्ये भरून त्यातून अर्थ काढता येणारा बी.ए. विद्यार्थी नोकरीच्या मुलाखतीत वेगळा दिसतो, हे मी पाहिलेलं आहे.

आता अभ्यासक्रमात फील्ड प्रोजेक्ट आणि ओजेटी आलंय. गूगलवरून उचललेला विषय घेऊ नका. आपल्या शहरात विषय पडलेत. वाळूजला रात्रपाळी करणाऱ्या कामगाराची झोप. औरंगपुऱ्यातल्या अभ्यासिकेत चार-पाच वर्षं स्पर्धा परीक्षा देत बसलेला मुलगा निकालानंतरचा महिना कसा काढतो. आईबाप ऊसतोडीला गेल्यावर हंगामी वसतिगृहात राहणारी मुलं. लहान प्रश्न घ्या, पंधरा-वीस लोकांशी नीट बोला, त्यांची परवानगी घ्या, नावं लपवा, आणि जे सापडलं तेवढंच लिहा.

पहिला प्रयुक्त तुम्हीच

हे थोडक्यात सांगतो. एबिंगहाऊस नावाच्या जर्मन संशोधकाने विसरण्यावरचे प्रयोग स्वतःवर केले आणि १८८५ मध्ये छापले. पाठ केलेलं सुरुवातीला भराभर विसरतं, मग विसरण्याचा वेग कमी होतो. तुम्ही हे परीक्षेत लिहिता, पण परीक्षेची तयारी मात्र आदल्या रात्री करता! २०१३ मध्ये काही संशोधकांनी अभ्यासाच्या दहा पद्धती तपासल्या. पुन्हा पुन्हा वाचणं आणि रंगीत पेनाने ओळी अधोरेखित करणं, या आपल्या दोन लाडक्या पद्धती खाली राहिल्या. पुस्तक मिटून स्वतःलाच प्रश्न विचारणं आणि अभ्यास दिवसांवर वाटून घेणं या दोन सगळ्यांत वर आल्या. एक सेमिस्टर करून पाहा. जो विषय स्वतःला लावून पाहिला नाही, तो दुसऱ्याला काय लावणार?

एक सावधगिरी मात्र हवी. पहिल्या वर्षाला विकारांची यादी वाचली की घरातल्या प्रत्येकात एक विकार दिसायला लागतो. बाबा ऑब्सेसिव्ह, आत्या नार्सिसिस्ट. असली लेबलं घरी वाटत फिरू नका. माणसाला नाव चिकटवलं की आपण त्याच्याकडे बघणं थांबवतो.

पुढच्या वाटा

आता स्कोप. क्लिनिकलची वाट सांगितली, ती लांब आहे, जागा कमी आहेत. तिथे जायचं असेल तर पहिल्या वर्षापासून ठरवा.

शाळा-कॉलेजांतलं समुपदेशन ही दुसरी वाट. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्याबाबत निर्देश दिले. त्यात १०० किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थेत किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता असावा, असं म्हटलं आहे. 'पात्र' या शब्दाखाली रेघ मारा. त्यासाठी एम.ए. आणि प्रत्यक्ष देखरेखीखालचं प्रशिक्षण लागेल.

तिसरी वाट समाजकार्याची, एम.एस.डब्ल्यू.ची. आपल्याच विभागात तुळजापूरला टाटा समाजविज्ञान संस्थेचा परिसर आहे. चौथी, विशेष शिक्षणाची. मतिमंदत्व, स्वमग्नता, अध्ययन अक्षमता असलेल्या मुलांबरोबर काम करायला माणसं हवी आहेत, आणि त्याचे अभ्यासक्रमही पुनर्वास परिषदेच्या कक्षेत येतात. पाचवी, मनुष्यबळ विभागाची. वाळूज-शेंद्र्याचे कारखाने तुमच्या दाराशी आहेत. अपघात कुठल्या पाळीत जास्त होतात, नवा कामगार तीन महिन्यांत का सोडून जातो, हे प्रश्न मानसशास्त्राचेच आहेत. सहावी, स्पर्धा परीक्षा. यूपीएससीला मानसशास्त्र हा वैकल्पिक विषय आहे. आणि सैन्यात जायचं असेल, तर एसएसबीच्या मानसशास्त्रीय चाचण्यांत चित्रावरून गोष्ट लिहायची असते, शब्दावरून वाक्य लिहायचं असतं. १९७७ पासून आपल्या शहरात सैनिकी सेवापूर्व प्रशिक्षण संस्था आहे, तिथल्या मुलांना हे विचारा.

यातली कुठलीही वाट फक्त बी.ए.वर पूर्ण होत नाही, हे पालकांनी मनाशी धरून ठेवावं. पण प्रत्येक वाटेवर ऐकणं, मोजणं आणि हद्द ओळखणं लागतंच.

माझं बोलणं इथे थांबवतो. आता तुमचे प्रश्न घेऊ.

प्रश्नोत्तरं

एक पालक : सर, मुलगी एम.ए. करते म्हणते. अजून दोन वर्षं, मग पुढे अजून. आमची शेती कोरडवाहू. जमेल का?

तुमची काळजी खरी आहे, तिला मी भाषणाने उत्तर देणार नाही. एक करा. पूर्ण वेळ पुढे शिकणं शक्य नसेल तर मधला टप्पा ठरवा. बी.ए.नंतर एखाद्या शाळेत, संस्थेत किंवा कारखान्यात काम धरायचं आणि मग एम.ए. करायचं. इग्नूसारख्या मुक्त विद्यापीठातून मानसशास्त्राचं एम.ए. २०२५ पर्यंत करता यायचं, आता तिथे नवे प्रवेश होत नाहीत. फक्त क्लिनिकलला जायचं असेल तर तिथे निवडलेलं एम.ए. चालेल का, ते आधी तपासून घ्या. आणि तिला एक विचारा, 'तुला नक्की कुठलं काम करायचंय?' उत्तर नसेल तर सुट्टीत महिनाभर एखाद्या विशेष शाळेत मदतीला पाठवा. त्या महिन्यात तिला तरी कळेल, नाहीतर तुम्हाला.

एक विद्यार्थी : सर, चांगली पुस्तकं इंग्रजीत. माझं इंग्रजी कच्चं आहे.

रोज एक पान. शब्दकोश घेऊन. वाचलेलं मराठीत पाच ओळींत लिहायचं, मग दुसऱ्या दिवशी त्या पाच ओळींचं इंग्रजी करायचं आणि मूळ पानाशी ताडून पाहायचं. प्रश्नावल्यांचं भाषांतर तपासायची पद्धत हीच आहे, एकाने मराठीत करायचं, दुसऱ्याने परत इंग्रजीत. म्हणजे तुझं इंग्रजीही सुधारेल आणि विषयातलं एक कामही शिकून होईल.

एक विद्यार्थिनी : सर, तुम्ही तिसरं उत्तर म्हणालात ना, हळू आवाजातलं. मी त्यातली आहे. मला स्वतःलाच त्रास होतो. मग मी दुसऱ्याला मदत करायच्या लायकीची आहे का?

बेटा, बस खाली आधी. हे तू एवढ्या लोकांत विचारलंस, त्याला धीर लागतो.

त्रास झालेल्या माणसाने हा विषय घ्यावा की नाही? जरूर घ्यावा. ज्याचं डोकं कधी दुखलंच नाही, त्याला डोकेदुखी समजावून सांगायला फार शब्द लागतात. पण दोन गोष्टी वेगळ्या ठेव. तुझा त्रास हा तुझ्या अभ्यासाचा विषय असू शकतो, त्याचा उपचार मात्र पुस्तकातून करू नकोस. मी त्या मुलाला पुस्तक दिलं होतं, आणि काय झालं ते आत्ताच सांगितलं. तू उपचार घे, नीट हो, आणि सोबत शीक. उपचार घेतला म्हणून या कामाची लायकी जात नाही.

कार्यक्रम संपल्यावर मी इथेच थांबतोय. तुमच्या विभागाच्या मॅडमही आहेत. आपण तिघं चहा घेऊ. मी आज कमी बोलेन, कबूल करतो.